बगलेखालची वीत

गळ्यापासून स्वेटर विणायला घ्यायचा, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला आयुष्यात कधी दुसऱ्याचा स्वेटर दुरुस्त करावा लागला नसणार. मी बावीस वर्षं तेच करते आहे. ड्रायक्लीनरकडून दर मंगळवारी पिशवी येते. कोपरावर झिजलेले, खिळ्याला अडकून उसवलेले, कसरीने खाल्लेले स्वेटर. शुक्रवारी मी ते परत पाठवते आणि कुठे काय झालं होतं हे ज्याचा स्वेटर त्यालाही सापडत नाही. दुरुस्ती दिसली तर तिला ठिगळ म्हणतात, असं मला हे काम शिकवणारी मावशी म्हणायची. तिने शिकवलेला स्वेटर खालून वर जायचा. पाठ, पोट, बाह्या वेगवेगळ्या विणायच्या आणि शेवटी जोडायच्या. चुकलं तर तेवढा तुकडा उसवायचा, बाकीचे सुखरूप. पण फिजिओथेरपीच्या बाईंनी बोटांना व्यायाम म्हणून माझ्या नवऱ्याच्या हातात जो छापील कागद ठेवला त्यावर आधी गळा, मग खांदे, मग बगला आणि सगळ्यात शेवटी कंबर. आधी कळस, मग पाया.

"अहो, त्यापेक्षा मफलर घ्या," मी म्हटलं. "सरळसोट काम. चुकलात तरी थंडीला काय कळतंय?"

"मफलरला माप नसतं," ते म्हणाले. "मला माप असलेलं काहीतरी हवं."

हे असे आहेत. कवळ्या बनवतात. डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचा साचा पाठवतात, हे त्यावर मेणात एकेक दात बसवतात. सत्तावीस वर्षं झाली. लॅबमध्ये सगळे त्यांना मिलिमीटर म्हणतात, कारण अर्धा मिलिमीटर वर राहिलेला दात त्यांना हातभर लांबून दिसतो. मागे एकदा घासायच्या चाकावरून कवळी निसटली आणि चाकाने उजव्या अंगठ्याची शीर तोडली. शीर शिवली, जखम भरली, अंगठा हलायलाही लागला. पण चिमटीत धरलेली वस्तू आपण किती जोराने धरली आहे, हे त्यांना कळेनासं झालं. पेन धरलं की कागद फाटायचा आणि गोळी धरली की जमिनीवर.

लॅबच्या मालकांनी त्यांची जागा रिकामी ठेवली होती. दुसऱ्या लॅबमधला एक कारागीर यायला टपून बसला होता, तरीही. मालक घरी येऊन सांगून गेले, "मी आणखी तीन महिने थांबतो, एक तारखेपर्यंत. मी चाचणीबिचणी घेणार नाही. तुमचा हात तुम्हालाच कळणार. येतो म्हणालात की जागा तुमची." एवढा विश्वास कुणी टाकला की माणूस जास्तच अडकतो. मालक गेल्यावर यांनी स्वेटरचा कागद पुन्हा वाचायला घेतला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मालकांनी न घेतलेली चाचणी हे स्वतःची स्वतः घेणार.

"यात एक टाका तुझा नको," ते म्हणाले. "पडला तर पडू दे. तू हात लावायचा नाहीस."

"मला काय वेड लागलंय?" मी म्हटलं.

स्वेटर सैलसर होता, व्ही गळ्याचा. सैल असल्यामुळे दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी खपून जातं, असं फिजिओबाई म्हणाल्या होत्या. मिलिमीटरला खपून जातं हे कोण सांगणार? त्यांनी आलेखाचा कागद आणला, विणलेल्या दर ओळीला चौकटींची एक रांग धरली, आणि प्रत्येक ओळीत किती टाके वाकडे पडले ते लिहायला सुरुवात केली. व्ही करताना दोन्ही कडांना दर दुसऱ्या ओळीत एकेक टाका वाढवायचा असतो, म्हणजे गळा दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ येतो. हे एका कडेला वाढवायचे आणि दुसरीकडे पोचेपर्यंत अंगठा दुखायला लागून विसरायचे. गळा डावीकडे कलला. उसवला. मग उजवीकडे कलला. तिसऱ्यांदा दोन्ही बाजू सारख्या आल्या, पण खांद्यावरून बगलेकडे टाके वाढवत नेतात त्या चार रेषांपैकी एक हरवली. लोकरीचा गुंडा भिंतीवर आपटला आणि सोफ्याखाली गेला. मी तो काढून देऊ का, असंही विचारायची सोय नव्हती.

मी त्या वेळी समोर बसून दुसऱ्यांचे स्वेटर नीट करत असे. ऐकायला सोपं वाटेल, पण स्वयंपाक येणाऱ्या बाईसमोर कुणी दूध उतू जाऊ द्यावं आणि तिने नुसतं पाहावं, तसं माझं झालं होतं. त्यांचा टाका पिळला की मला तो इथून दिसायचा. धाग्याचे दोन पदर सुटून सुई मधूनच गेली की मी हातातलं काम खाली ठेवायची. मी भांडी घासायला उठायची. त्या दिवसांत आमच्या घरातली भांडी जितकी चकचकीत होती तितकी लग्नात मिळाली तेव्हाही नव्हती. सहा आठवड्यांत हे कसेबसे बगलेपर्यंत पोचले. बाह्यांचे टाके वेगळ्या धाग्यावर ठेवले, उरलेले दोनशे आठ टाके गोल सुईवर घेतले आणि अंगाचा भाग सुरू झाला. आलेखावरची रेघ पहिल्या दिवसापासून हललीच नव्हती. दर दहा टाक्यांत चार वाकडे.

पहिला टाका मी चोरला तो सोमवारी. ते सकाळी दोन ओळी विणायचे, त्याहून जास्त अंगठा साथ देत नसे, आणि मग आंघोळीला जायचे. विणलेलं लगेच तपासायचे नाहीत. लॅबमधली सवय. काम केलं की बाजूला ठेवायचं, डोळा निवला की भिंग लावून बघायचं. म्हणून तपासणी दुपारी. त्या दिवशी एक टाका सुईवरून घसरला होता आणि शिडीसारखा खाली खाली उतरत चालला होता. दुपारपर्यंत तो खांद्यापर्यंत गेला असता. सहा आठवड्यांची मेहनत. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. मी क्रोशाची सुई घेतली, टाका पकडला, वर चढवला. सगळं मिळून वीस सेकंदं लागली असतील. हे काही हात लावणं नाही, हे अपघात टाळणं आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि हातात आहेच तर, म्हणून पाणी बंद होईपर्यंत शेजारचे पिळलेले टाकेही सरळ करत गेले.

दुपारी त्यांनी भिंग लावलं. "आज दहात तीन," ते म्हणाले. जेवताना त्यांनी उजव्या हातात चमचा घेतला. अपघातानंतर पहिल्यांदा.

आता तुम्हीच सांगा, मंगळवारी मी काय करायला हवं होतं?

मी काय केलं ते सांगते. आंघोळीला त्यांना पंचवीस मिनिटं लागतात, एका हाताने पाठ चोळायची म्हणजे वेळ जातोच. तेवढ्यात मी दोन्ही ओळी उतरवून पुन्हा विणायला लागले. सगळे टाके नीट घातले तर पकडली जाईन, म्हणून काही वाकडे ठेवायचे, आणि तेही माझ्या नव्हे, त्यांच्या पद्धतीने वाकडे. त्यांचा हात थकला की टाका डावीकडे झुकतो, ते मी शिकून घेतलं. दर आठवड्याला वाकडे टाके थोडे कमी करत गेले. दहात तीन, दहात दोन, दहात एक. आलेखावरची रेघ जिना उतरावा तशी खाली येत होती आणि त्या रेघेबरोबर आमचं घर बदलत होतं. ते शिट्टी वाजवायला लागले. मुलगी परगावी असते, तिला त्यांनी स्वेटरचा फोटो पाठवला. तिचा फोन आला, "आई, बाबांचा हात किती छान झालाय गं." मी म्हटलं, "हो ना." खोटं बोलायला दोन शब्द पुरतात.

आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. बावीस वर्षांत इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. कुणाच्या तरी हाताची हुबेहूब नक्कल करायची आणि त्या हाताच्या मालकाने भिंग लावूनही ती ओळखू नये. मी स्वतःवर खूष होते. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा खूष होते.

असं चार आठवडे चाललं. बगलेखाली वीतभर विणून झालं. मग फिजिओबाईंकडे जायची वेळ आली आणि यांनी स्वेटर बरोबर घेतला. मी पर्स मांडीवर धरून बाजूच्या खुर्चीत बसले होते. बाईंनी आधी यंत्रावर पकडीचा जोर मोजला. तो पहिल्यापेक्षा बराच वाढला होता. मग त्यांनी स्वेटर खिडकीपाशी नेला, वरून खाली बोट फिरवलं.

"जोर यंत्रात कळतो, पण नाजूक काम यंत्रात कळत नाही," त्या म्हणाल्या. "ते इथे दिसतंय. हा वरचा भाग बघा आणि हा खालचा. काका, चिमटीचे व्यायाम आता बंद करू या. त्यांची गरज नाही. आपण मनगटावर जाऊ."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण यांनी माझ्याकडे वळून हसून पाहिलं. असे ते फक्त मुलगी झाली त्या दिवशी हसले होते. मी पर्सची चेन उघडली आणि बंद केली. घरी येताना रस्त्यात ते म्हणाले, "उद्या मालकांना फोन करतो. येतो म्हणून सांगतो."

"घाई कशाला? एक तारखेला अजून दहा दिवस आहेत," मी म्हटलं. "आठवडाभर बघा, मग सांगा."

"बरं," ते म्हणाले. "तसंही स्वेटर चार बोटं वाढेल तेवढ्यात."

मी ठरवलं, आता पुरे. उद्यापासून हात लावायचा नाही. हळूहळू त्यांचं त्यांना कळेल, आणि माझ्या तोंडून काही निघायची वेळ येणार नाही. स्वतःच्या हुशारीचं मला भारी कौतुक. आगीतून उठून फुफाट्यात पडते आहे हे ध्यानातच आलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. "दहात साडेतीन," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी परत साडेतीन. आलेखावर रेघ तळाशी जाऊन एकदम वर उसळली. चौथ्या दिवशी त्यांनी चमचा पुन्हा डाव्या हातात घेतला. शिवलेली शीर आतून सुटली असावी, असं त्यांनी ठरवलं. व्यायाम बंद केला म्हणून झालं, मनगटाच्या व्यायामाने झालं, त्या दिवशी बरणीचं झाकण जोराने फिरवलं म्हणून झालं. फिजिओबाईंना फोन करून भांडले. मग अंगठा उजेडात धरून बसले. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. मी दुरुस्ती केली तेव्हा हात खोटा बरा झाला, आणि थांबवली तेव्हा खोटा बिघडला. खरा हात कसा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते सगळं माझ्यामुळे. राग मला स्वतःचाच येत होता, पण मी तो काढत होते सगळ्यांवर. त्या दिवशी मी ड्रायक्लीनरच्या माणसालाही उगाच झापलं.

पाचव्या दिवशी सकाळी ते टेलिफोनच्या डायरीत पान शोधायला लागले. "कुणाचा नंबर हवाय?" मी विचारलं.

"ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा. पुन्हा उघडून बघा म्हणतो. शीर सुटलीच आहे."

"काही सुटलेलं नाही," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय?"

"मला कळतंय. वीतभर मी विणलंय."

ते डायरीत बोट तसंच ठेवून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. सोमवारचा घसरलेला टाका, आंघोळीची पंचवीस मिनिटं, डावीकडे झुकवलेले टाके. मी थांबतच नव्हते. तुमच्यासाठीच केलं म्हटलं, तुम्ही चमचा उचललात म्हणून केलं म्हटलं, तुमचं तोंड बघून राहवलं नाही म्हटलं. आपल्याच कानांना आपलं बोलणं पोकळ लागायला लागतं तेव्हा माणूस आणखी जोरात बोलतो, तसं झालं.

शेवटी ते म्हणाले, "कुठून कुठपर्यंत?"

मी सुईत लाल दोरा ओवला आणि स्वेटरवर दोन ओळींतून फिरवला. एक बगलेखाली, जिथे माझं सुरू झालं. दुसरा वीतभर खाली, जिथे मी थांबले. त्यांनी मधला भाग आत दुमडला, म्हणजे वरच्या दोऱ्यावरचं त्यांचं काम आणि खालच्या दोऱ्याखालचं त्यांचं काम एकमेकांना लागून आलं. मग भिंग लावून दोन्हीकडचे टाके मोजायला बसले. कवळी तपासताना बसतात तसेच, ओठ घट्ट मिटून. मी समोर उभी होते. बसायचं सुचलं नाही.

"वर चार," ते म्हणाले. "खाली साडेतीनला थोडे कमी. सव्वातीन धर."

"म्हणजे सुधारलाय," मी म्हटलं. "अहो, खरंच सुधारलाय."

"पाऊण टाका. अडीच महिन्यांत."

"पण सुधारलाय ना?"

"हो. शीर शाबूत आहे." त्यांनी भिंग घडी करून ठेवलं. "पण या हाताने मी सोमवारी कामावर गेलो असतो. कुणीतरी म्हातारी माझ्या हातची कवळी घालून जेवायला बसली असती आणि तिची जीभ चावली गेली असती. तिने कवळीला दोष दिला नसता. आपल्यालाच सवय नाही म्हणाली असती. त्या गप्पच बसतात."

त्यांनी मालकांना फोन लावला. हात अजून तयार नाही, त्या दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला बोलावून घ्या, असं सरळ सांगितलं. पलीकडून मालक काहीतरी समजावत होते, ते ऐकून हे "नाही, नाही, तुम्ही पुष्कळ थांबलात" म्हणाले. सत्तावीस वर्षांची खुर्ची दीड मिनिटात गेली. फोन ठेवल्यावर मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"माझा हात हळू बरा होतोय," ते म्हणाले. "मला ते सोसत होतं. तुला सोसलं नाही."

मग ते उसवायला बसले. वरून खाली विणलेला स्वेटर खालूनच उसवतो, म्हणून आधी त्यांचीच चार दिवसांची दोन बोटं गेली, त्यानंतर माझी वीत. मी गुंडा गुंडाळायला हात पुढे केला, तर त्यांनी गुंडा मांडीवर ओढून घेतला. वरच्या लाल दोऱ्यापाशी थांबून त्यांनी दोनशे आठ मोकळे टाके एकेक करून सुईवर चढवायला घेतले. हे काम मला दहा मिनिटांचं. त्यांना जेवणाची वेळ टळून गेली तरी पुरेना. दोनदा सुई निसटली, दोनदा पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते आणि तिथूनही मला कळत होतं कुठला टाका उलटा चढतो आहे.

संपलं तेव्हा त्यांनी विणकाम पिशवीत घातलं, पिशवी त्यांच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात आमच्या घरात आतल्या कपाटाला कुलूप लागलं नव्हतं. किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. मला राग आला. रागवायला तोंड नव्हतं, तरी आला.

"माझ्यावर एवढाही भरवसा नाही?" मी विचारलं.

"तुझ्यावर आहे," ते म्हणाले. "तुझ्या हातांवर नाही."

विणकाम पिशवीत जाताना डाव्या बगलेपासून तिसरा टाका पिळलेला मला दिसला होता. कपाट बंद झालं तरी मी त्याचाच विचार करत होते, आणि तो सरळ करायला एक क्षणसुद्धा लागला नसता.